यंत्रांचा कोलाहल आणि निविदेचे मौन

‘रस्ता हवा की शांतता?’ असा सवाल टाकून ग्रामीण जनतेचे तोंड बंद करण्याची एक सोयीस्कर पद्धत सत्ताधाऱ्यांनी आणि त्यांच्या ठेकेदार मित्रमंडळींनी अलीकडे रूढ केली आहे. सवाल विचारणारा आपल्या मळ्यापासून वा बंगल्यापासून पाच मैलांवर काम चालू असल्याच्या निर्धास्तपणाने तो विचारतो, आणि ऐकणाऱ्याला असे भासवतो की रोलर, डंपर, जेसीबी, ब्रेकर यांचा कानठळ्या बसवणारा आवाज ही पाऊसवाऱ्यासारखी निसर्गाची गोष्ट आहे. विकास म्हटला की थोडे सोसावेच लागते, ही त्यावरची मखलाशी. सोसायचे कोणी आणि कमवायचे कोणी, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही.

जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातील निमगाव सावासारख्या गावाला रस्त्याचे महत्त्व कोणी शिकवावे अशी परिस्थिती नाही. कुकडीच्या पाण्यावर पिकलेला कांदा आणि ऊस, रोजचे दूध, आजारी माणूस, शिकणारी मुलगी, सर्वांना आळेफाटा, नारायणगाव, बेल्हे गाठायचे तर रस्ता लागतो. कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे जाणारा महामार्ग आणि पुणे-नाशिक महामार्ग याच तालुक्यात आळेफाट्याला एकमेकांना छेदतात. बेल्हे-जेजुरी राज्यमार्ग पूर्व भागातून जातो. रस्त्यांच्या रुंदीकरणाची, खडीकरणाची, काँक्रिटीकरणाची कामे हा या पट्ट्याला नवा अनुभव नाही आणि यापुढेही ती होत राहणार आहेत. तेव्हा वाद रस्ता हवा की नको हा नाहीच. रस्ता बांधताना जी किंमत ठेकेदाराच्या खात्यावर पडायला हवी, ती यंत्रावर बसलेल्या कामगाराच्या आणि रस्त्याकडेच्या कष्टकऱ्याच्या कानातून वसूल का केली जाते, हा खरा वाद आहे.

या किमतीचा हिशेब शाळेतल्या गणिताने करता येतो. रोलर, ग्रेडर, डोझर यांसारख्या यंत्रांचा आवाज ५० फुटांवर साधारणतः ८० ते ८५ डेसिबल भरतो; काँक्रीट फोडणारा ब्रेकर त्याच्याही पुढे जातो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. म्हणजे ५० फुटांवर ८५ असेल तर १०० फुटांवर ७९, २०० फुटांवर ७३, ४०० वर ६७, ८०० वर ६१ आणि १६०० फुटांवर ५५. निवासी वस्तीसाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसाची जी मर्यादा ठरवून दिली आहे ती बरोबर ५५ डेसिबलची; रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतची ४५. घरे, झाडे, उसाचे फड यांच्या आडोशाने थोडा उतार पडतो हे खरे. पण एकाच्या जागी दोन यंत्रे चालू लागली की तीन डेसिबल परत चढतात. तात्पर्य, कायद्याला अपेक्षित असलेली शांतता रस्त्यापासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर सुरू होते. रस्त्याला लागून असलेल्या घराला, अंगणवाडीला, गोठ्याला या हिशेबात जागाच नाही.

आणि हे झाले ५० फुटांवरचे. यंत्र चालवणारा माणूस ५० फुटांवर बसत नाही. तो इंजिनाच्या पुढ्यात किंवा पाठीशी, हात-दोन हातांच्या अंतरावर बसतो. उन्हाळ्यात इंजिन तापते म्हणून बाजूचे पत्रे काढून ठेवलेले, सायलेन्सर गंजून फुटलेला, केबिनची काच निखळलेली आणि वारा यावा म्हणून दार बांधून उघडे ठेवलेले, असे यंत्र ज्यांनी पाहिले नाही त्यांनी महाराष्ट्रात रस्त्याचे काम पाहिलेच नाही म्हणायचे! त्याच्या शेजारी उभा असलेला हेल्पर, डांबर पसरणाऱ्या बाया, खडी ओढणारे मजूर यांच्या कानांवर कसलेही आच्छादन नसते. गावकऱ्याला हा आवाज काही महिने सोसावा लागतो. या माणसांना तो जन्मभर पुरतो.

मोठ्या आवाजाने येणारे बहिरेपण हे कान फुटल्यासारखे एका क्षणात येत नाही, म्हणूनच ते लपवणे सोपे जाते. कानाच्या आतील शंखाकृती भागात आवाजाच्या लहरी टिपणाऱ्या सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. सततच्या माऱ्याने त्या मरतात, आणि मेलेली पेशी माणसाच्या शरीरात पुन्हा उगवत नाही. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. प्रथम जाते ती ४००० हर्ट्‌झच्या आसपासचे उंच स्वर ऐकण्याची शक्ती. माणसाला बोलणे ऐकू येते, पण उमजत नाही, कारण स, श, फ, थ यांसारखी व्यंजने त्याच्यापुरती नाहीशी झालेली असतात. मुकादम ‘साठ’ म्हणाला की ‘आठ’, हे त्याला कळत नाही. घरी नातू काय म्हणतो ते कळत नाही. लोक म्हणतात, म्हाताऱ्याला बहिरेपण आले. त्याचे वय तेव्हा पंचेचाळीससुद्धा नसते.

शास्त्राला हे सर्व ठाऊक आहे. कायद्यालाही ठाऊक आहे. १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने कायद्याच्या परिशिष्टात आवाजाने येणारे बहिरेपण हा कळवण्याजोगा व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदवला गेला. पण रस्ता हा कारखाना नव्हे. बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा स्वतंत्र कायदा झाला, त्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांतील ३४ व्या नियमाने अतिरिक्त आवाज आणि कंपनांपासून कामगाराचे रक्षण करण्याची जबाबदारी मालकावर टाकली. कागदावर सारे चोख. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे कायदे व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेच्या पोटात गेले. तेथे निरीक्षकाचे नामांतर ‘निरीक्षक-नि-सुविधाकर्ता’ असे झाले आहे, आणि १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याची वीस कामगारांची मर्यादा पन्नासावर नेली गेली आहे. रस्त्याच्या कामावर एकेका पोटठेकेदाराच्या हाताखाली पन्नास माणसे असतात कोठे? सुविधा कोणाची केली हे निराळे सांगायला नको.

मर्यादेचे गणितही पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे कारखान्यांसाठी रूढ झालेला निकष आठ तासांना ९० डेसिबल आणि पुढे दर पाच डेसिबलला निम्मा वेळ असा आहे. म्हणजे ९५ डेसिबलमध्ये माणसाने चार तास काम करावे. वस्तुतः आवाजाची ऊर्जा दर तीन डेसिबलला दुप्पट होते. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्थेने १९९८ मध्येच आठ तासांना ८५ आणि दर तीन डेसिबलला निम्मा वेळ अशी शिफारस केली. त्या हिशेबाने ९५ डेसिबलमध्ये माणूस पाऊण तास थांबू शकतो. चार तास कोठे आणि पाऊण तास कोठे! रस्त्याच्या कामावरची पाळी तर बारा तासांची असते, आणि तिच्यासाठी पाच डेसिबलच्या ढिल्या मापानेसुद्धा मर्यादा ८७ पर्यंत खाली यायला हवी.

मग या माणसाने भरपाई मागावी, असे कोणी साळसूदपणे सुचवील. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या यादीत आवाजाने आलेले बहिरेपण होते, ही गोष्ट खरी; नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. पण त्या वर्गातल्या रोगांसाठी एकाच मालकाकडे सलग सहा महिन्यांची नोकरी दाखवावी लागते. यंत्र एकाचे, ते तासाच्या भाड्याने घेणारा दुसरा, काम ज्याच्या नावावर निघाले तो तिसरा, आणि देयके मंजूर करणारे खाते चौथे. बिहार-झारखंडमधून वा मराठवाड्यातून आलेला चालक एक हंगाम जुन्नरला, दुसरा पारनेरला, तिसरा कर्नाटकात काढतो. वीस वर्षांत पंचवीस मालकांनी थोडाथोडा खाल्लेला कान त्याने कोणाच्या नावावर लिहायचा?

येथे थोडे मागे वळून पाहणे आवश्यक आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो स्त्रीपुरुषांनी हातोड्याने खडी फोडून रस्ते बांधले. ते दिवस परत यावेत असे म्हणणारा माणूस एकतर कवी असला पाहिजे किंवा त्याने आयुष्यात हातोडा धरलेला नसला पाहिजे. समाजवाद्यांचे यंत्राशी वैर नाही. माणसाच्या पाठीवरचे ओझे यंत्राने उचलावे याचसाठी चळवळ झगडली. परंतु त्याच काळात सार्वजनिक बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांतील रोजंदारी कामगारांनी १९६७ च्या कालेलकर तडजोडीने पाच वर्षांच्या सेवेनंतर कायमपणाचे काही हक्क मिळवले होते. खात्याच्या हजेरीपटावरच्या माणसाचा कान गेला तर निदान खाते कोणते हे ठाऊक असे. यंत्रे वाढली ती हजेरीपट संपवून. यंत्राने कष्ट कमी केले, ठेकेदारीने जबाबदारी नाहीशी केली. आणि या दोहोंना ‘आधुनिकीकरण’ हे एकच नाव देऊन दुसरी गोष्ट पहिलीच्या आड लपवण्यात आली.

यंत्र मुळातच आवाज करणार, त्याला इलाज नाही, हे विधान तर सरळसरळ खोटे आहे. लग्नाच्या मांडवामागे किंवा इमारतीच्या आवारात उभा राहणारा डिझेल जनरेटर पाहावा. त्याला २००५ पासून कारखान्यातूनच आवाजरोधक कवच घालून बाहेर काढावे लागते आणि एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत राहावे लागते. का? तर त्याचा त्रास शहरातील सुखवस्तू वस्तीला होत होता. डिझेल तेच, इंजिनाचे तत्त्व तेच. कवच घालता येते की नाही हा प्रश्न अभियांत्रिकीने केव्हाच सोडवला आहे. युरोपात उघड्यावर चालणाऱ्या यंत्रांवर ध्वनिशक्तीचा आकडा छापून चिकटवण्याची सक्ती २००० सालच्या निर्देशाने केली, आणि अनेक यंत्रांना कमाल मर्यादा घातली. याच पुणे जिल्ह्यात, चाकण-तळेगावच्या पट्ट्यात, रस्तेबांधणीची यंत्रे तयार होऊन परदेशी जातात. जे यंत्र युरोपात जाईल त्याला ती अट पाळावीच लागते. जुन्नरच्या शेतकऱ्याच्या आणि झारखंडच्या चालकाच्या कानाची जात निराळी आहे काय?

केंद्र सरकारने बांधकाम यंत्रांच्या सुरक्षेचे नवे नियम २०२० मध्ये काढून ते एप्रिल २०२१ आणि एप्रिल २०२४ अशा दोन टप्प्यांनी लागू केले, हे मान्य केले पाहिजे. चालकाची बैठक, चढण्याउतरण्याच्या पायऱ्या, मागेपुढे होताना वाजणारा इशारा यांची त्यांत तरतूद आहे. पण हे नियम नव्या यंत्रांना. दहा-पंधरा वर्षे रगडलेले यंत्र हातोहात विकले जात शेवटी गावच्या रस्त्यावर पोचते. महामार्गाला नवे, गावाला जुने, हीही एक वर्गव्यवस्थाच. (मागे घेताना वाजणाऱ्या त्या कर्कश पिपाणीविषयी येथे एक शब्द: ती मजुराचा जीव वाचवते, तिच्यावर राग काढू नये. कर्कश एकसुरी पिपाणीऐवजी मागच्या माणसालाच स्पष्ट ऐकू येईल अशा फुसफुशीत, पसरट आवाजाचे इशारे आता मिळतात. चांगला सायलेन्सर मिळतो, तसेच.)

मिळते सर्व, घेत कोणी नाही, कारण निविदेत त्याचा पैसा नाही. येथे या प्रकरणाचे मूळ आहे. निविदा सर्वांत कमी दराला जाते. अंदाजपत्रकात मुरूम, खडी, डांबर यांची घनमीटरवार मोजदाद असते. आवाजाच्या नियंत्रणाला बहुधा सर्वसाधारण अटींच्या जंजाळात एक वाक्य मिळते, दर मिळत नाही. ज्या गोष्टीला दर नाही ती करणारा ठेकेदार महाग ठरून बाहेर फेकला जातो आणि न करणारा काम घेऊन जातो. उलट मुदतीआधी काम संपवणाऱ्यास बक्षीस व मुदत चुकवणाऱ्यास दंड अशी कलमे मोठ्या महामार्गांच्या करारांत स्पष्ट आकड्यांनिशी असतात. यंत्राचा गोंगाट इंजिनात जन्मतो असे वाटते, पण त्याचा जन्म निविदेच्या रकान्यांत झालेला असतो.

या घाईचेही आता उत्सव होऊ लागले आहेत. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत, रात्रंदिवस काम करून पसरण्यात आला आणि जागतिक विक्रम म्हणून त्याचा डंका पिटला गेला. किलोमीटर मोजले, तास मोजले, मिनिटेही मोजली. डेसिबलचा आकडा त्या गौरवगानात कोठे ऐकू आला नाही. वर्षभराने, ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री, समृद्धी महामार्गावर शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे गर्डर बसवणारे अवजड यंत्र कोसळून वीस कामगार ठार झाले. तेही रात्रपाळीचेच काम. रात्री माणसे यंत्रांवर चढतात ती स्वतःच्या हौसेने नव्हे.

वास्तविक २०१० च्या दुरुस्तीने ध्वनिप्रदूषण नियमांत ५-अ हा नियम घालून निवासी क्षेत्रात व शांतता क्षेत्रात रात्री आवाज करणारी बांधकाम यंत्रे चालवण्यास स्पष्ट मनाई केली आहे. वाक्य असंदिग्ध आहे. पण ‘निवासी क्षेत्र’ कोणते? त्याचे वर्गीकरण राज्य सरकारने करावयाचे. शहरांचे नकाशे रंगतात. गावठाण, वाड्या आणि मळ्यांत विखुरलेली वस्ती या रंगांच्या बाहेर राहते. शाळा आणि दवाखान्यांभोवतीचे १०० मीटर आपोआप शांतता क्षेत्र मानले जात, त्यालाही २०१७ च्या दुरुस्तीने खो घातला. आता सरकारने जाहीर केल्याखेरीज ते शांतता क्षेत्र ठरत नाही. वर दिवसाच्या तक्रारीला आधार म्हणून मर्यादेपेक्षा १० डेसिबल अधिक आवाज व्हावा लागतो. दहा डेसिबल म्हणजे दहापट ऊर्जा! आणि ती मोजण्याचे यंत्र तक्रारदाराच्या घरी नसते.

रात्रीच्या कानाची किंमत मुंबईत बसून कळणार नाही. जुन्नर तालुक्यात २००१ च्या सुमारास बिबट्यांच्या हल्ल्यांनी जी दहशत बसली ती आजतागायत सरलेली नाही. उसात वाढलेला बिबट्या आता वस्तीचा शेजारी झाला आहे. शेतीच्या विजेची रात्रपाळी ज्याच्या वाट्याला येते तो शेतकरी आणि त्याची बायको अंधारात पाणी धरायला जातात ती कानाच्या भरवशावर. कुत्र्याचे भुंकणे बदलले, पाचटात काही सळसळले, तर पाऊल मागे घ्यायचे. तेथे रात्रभर डंपर आणि रोलर धडधडत असतील तर ही चाहूल बुजून जाते. शांतता ही येथे शौकाची वस्तू नाही.

आणि याच तालुक्यात राज्यसंस्थेला शांतता राखता येते, याचा भरभक्कम पुरावाही उभा आहे. नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, काही खोडदला एकवटलेल्या व उरलेल्या दूरवर पसरलेल्या. आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओलहरी तिला ऐकायच्या असतात, म्हणून परिसरात विद्युतचुंबकीय गोंगाट होऊ नये याची दक्षता घेतली जाते. उद्योग उभारायचा तर या दुर्बिणीचा विचार आधी करावा लागतो. पुणे-नाशिक रेल्वेचा नारायणगावावरून जाणारा मार्ग मागे पडला, त्याचे २०२५ मध्ये सरकारने दिलेले कारण ही दुर्बीणच. दुर्बीण हे विज्ञानाचे भूषण आहे, तिचे रक्षण झालेच पाहिजे; रेल्वेचा तंटा निराळा. मुद्दा एवढाच की या शासनाला कान म्हणजे काय, गोंगाट म्हणजे काय, आणि गोंगाटापासून कानाचे रक्षण कसे करतात, हे उत्तम कळते. पोलादी तबकडीच्या कानासाठी जे कळते ते रोलरवाल्याच्या कानासाठी कळेनासे होते.

परंतु दोष एकट्या शासनावर टाकून भागणार नाही. चळवळीतीलही कित्येक कार्यकर्त्यांना आवाजाचा प्रश्न हा शहरी मध्यमवर्गाचे लाड वाटतो. भोंगे, फटाके आणि मिरवणुका यांच्याविरुद्ध न्यायालयात गेलेली मंडळी बहुतांशी त्या वर्गातली होती, म्हणून हा समज. गावात यंत्रांविरुद्ध कुरबुर झाली की कार्यकर्ता गावकऱ्यांच्या बाजूने चालकाला दम भरायला जातो, किंवा कामगारांच्या बाजूने गावकऱ्यांना ‘विकासविरोधी’ म्हणून गप्प करतो. दोन्ही वेळा ठेकेदार आपल्या गाडीत बसून हसत असतो. ज्याच्यावर गावाचा राग निघतो तो चालक हाच त्या आवाजाचा पहिला बळी आहे, आणि बारा तासांच्या पाळीनंतर रात्री काम बंद व्हावे यात त्याचे व गावाचे हित एकच आहे. परप्रांतीय म्हणून त्याच्याकडे पाहणाऱ्यांना हे दिसणार नाही. समाजवादी म्हणवणाऱ्यांना दिसले पाहिजे. साथी एस. एम. जोशींचा जन्म ज्या जुन्नरात १९०४ साली झाला, तेथील कार्यकर्त्यांना तरी हे समजावून सांगावे लागू नये.

काम सुरू होण्यापूर्वीच, निविदा निघण्याच्या वेळी, ग्रामसभेने ठराव करून मागता येण्याजोग्या गोष्टी पुष्कळ आहेत. आवाजनियंत्रणाला अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब आणि स्वतंत्र दर हवा, म्हणजे ते करणारा ठेकेदार स्पर्धेत मार खाणार नाही. शाबूत सायलेन्सर आणि बंद होणारी केबिन नसलेले यंत्र कामावर चढू नये, आणि चढले तर त्या दिवसाचे देयक अडावे. गावठाणाचे व वस्त्यांचे निवासी क्षेत्र म्हणून वर्गीकरण, शाळा आणि आरोग्य उपकेंद्राभोवती शांतता क्षेत्राची घोषणा या मागण्या जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत लेखी गेल्या पाहिजेत. यंत्रावरील प्रत्येक माणसाची काम सुरू होताना आणि संपताना श्रवणचाचणी व्हावी, तिचा कागद ठेकेदाराच्या कपाटात न राहता त्या माणसाच्या हाती पडावा, आणि मूळ काम ज्या खात्याचे ते खाते त्या कागदावर मालक म्हणून नोंदले जावे. यातली शेवटची मागणी सर्वांत जास्त झोंबणार. ती मान्य झाली तर सहा महिन्यांची सलग नोकरी दाखवण्याचा पेच सुटू लागेल, आणि पंचवीस मालकांच्या आड लपलेले एक खाते उजेडात येईल. म्हणून आरंभ तिथूनच करावा.